मे महिन्यातली विहीर आणि दसऱ्यानंतरचं गाव : पाथर्डीत टिकाऊ धंदा उभा करताना

पाथर्डी तालुक्यात नवरात्राचं महत्त्व मोठं. मोहटादेवीच्या दर्शनाला राज्यभरातून माणसं येतात आणि नऊ दिवस रस्ते फुललेले असतात. दसरा झाला की याच रस्त्यांवरून ऊसतोडणीच्या टोळ्या घेऊन ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. सोबत संसाराची भांडी, धान्याची पोती आणि लहान मुलं असतात. म्हातारी माणसं बहुधा मागेच राहतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पाच-सहा महिने उसाच्या फडात काढून ही कुटुंबं परततात, तेव्हा उन्हाळा लागलेला असतो आणि गावातल्या विहिरींनी तळ गाठलेला असतो.

पाण्याची टंचाई आणि माणसांचं स्थलांतर हे या तालुक्यात एकच दुखणं आहे. म्हणून इथे कुणी नवा धंदा काढत असेल, मग तो महिलांचा बचत गट असो, शेतकऱ्यांची कंपनी असो की शिकून गावी परतलेला तरुण असो, त्याने टिकाऊपणाच्या मोठमोठ्या व्याख्या बाजूला ठेवाव्यात आणि दोन कसोट्या लावाव्यात. पहिली, धंदा सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी मे महिन्यात विहिरीचं पाणी वाढलं का, निदान टिकलं का? दुसरी, दसऱ्यानंतर गावात राहिलेल्या कुटुंबांची संख्या वाढली का? नफा तर हवाच, कारण तोट्यातला धंदा ना माणूस जगवतो ना झाड. पण नुसता नफा झाला, विहीर खोल गेली आणि टोळ्या तशाच निघाल्या, तर तो धंदा गावाचा झाला असं म्हणता येणार नाही.

या दोन कसोट्यांना उतरेल असा धंदा कागदावर कसा मांडायचा, हे पुढे टप्प्याटप्प्याने पाहू. उदाहरण तूरडाळीचं घेतलं आहे. माल दुसरा असला तरी मांडणीची रीत तीच राहील.

आपल्याच भागाने शिकवलेले धडे

सहकाराची मोठी शाळा याच जिल्ह्यात भरली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० मध्ये सुरू झाला. ऊस पिकवणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला, ही त्या काळातली केवढी तरी मोठी उडी होती. पुढे राज्यभर असेच कारखाने निघाले. आपल्या तालुक्यातही आदिनाथनगरला वृद्धेश्वर कारखाना उभा राहिला.

पण या रचनेत दोन जागा पहिल्यापासून रिकाम्या राहिल्या. ऊस लावणारा सभासद झाला, तोडणारा झाला नाही. तो मुकादमाच्या उचलीवर, म्हणजे आगाऊ रकमेवर येतो, टनावर मजुरी घेतो आणि हंगाम संपला की निघून जातो. दुसरी जागा पाण्याची. उसाने वर्षभर प्यालेल्या पाण्याची खरी किंमत कुठल्याच ताळेबंदात आली नाही. याचे परिणाम आपण पाहतोच आहोत. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ज्याच्या घामावर धंदा चालतो तो हिशेबाबाहेर राहिला, की त्याच्या शरीराची झीजही हिशेबाबाहेर राहते.

दुसरा धडा पुरंदरचा. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी पंचायतीचं काम सुरू केलं. तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर दिला गेला. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क मिळाला. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जात नसे. ऊस लावायला बंदी होती आणि योजनेच्या खर्चात लाभार्थ्यांचा स्वतःचा वाटा होता. एवढ्या कडक अटी लोकांनी पाळल्या, कारण त्या पाणी येण्याआधी ठरल्या होत्या आणि सगळ्यांना सारख्या लागू होत्या.

तिसरा धडा शेजारच्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचा. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. त्यानंतर गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदानातून डोंगर राखला, शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं आणि पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. त्या वर्षी कोणतं पीक घ्यायचं हे त्या ताळेबंदावरून ठरतं.

तिन्ही अनुभव जोडले तर धंद्याचा पाया मिळतो. ज्याचे कष्ट लागतात त्याला मालकीत जागा हवी, पाण्याचं वेगळं खातं हवं आणि सगळे नियम पैसा येण्याआधी लिहिलेले हवेत.

पहिलं काम : पाण्याचा हिशेब

यंत्राचं कोटेशन मागवण्याआधी गावाचं पाणी मोजा. गणित सोपं आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी पडतं. समजा, गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आहे आणि पाऊस ५०० मिलिमीटर झाला. एकूण पाणी ५०० कोटी लिटर. ऐकायला आकडा प्रचंड वाटतो. पण आपल्या काळ्या खडकात त्यातलं साधारण १० टक्के पाणी मुरतं असं धरलं, तर विहिरींच्या वाट्याला ५० कोटी लिटर येतात.

आता एक हेक्टर उसाचा विचार करा. त्याची वर्षाची गरज २,००० मिलिमीटरच्या घरात. पावसाचे ५०० वजा केले तरी दीड कोटी लिटर विहिरीतून उपसावे लागतात. म्हणजे ३३ हेक्टर ऊस अख्ख्या गावाचं मुरलेलं पाणी पिऊन टाकतो. हजार हेक्टरांच्या गावात ३३ हेक्टर! पिण्याचं पाणी, जनावरं, रब्बीची ज्वारी आणि हरभरा यांच्यासाठी काहीच उरत नाही. बाजरी साडेतीनशे-चारशे मिलिमीटरमध्ये येते. तूर थोडं जास्त मागते, पण तिची मुळं खोल जातात आणि पावसाने ताण दिला तरी ती तग धरते.

जनावरांचाही असाच हिशेब करा. संकरित दुभत्या गाईला दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर पाणी लागतं आणि वर वीस-पंचवीस किलो हिरवा चारा. शेळीचं पाच लिटरच्या आसपास भागतं. दुधाचा धंदा वाईट आहे असं नाही, अनेक घरं त्यावर उभी आहेत. पण २०१८-१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, हेही विसरता येत नाही. ज्या धंद्याला दुष्काळात छावणी लागते, त्याचा विस्तार करताना गावाच्या पाण्याकडे पाहूनच संख्या ठरवावी.

हा हिशेब नुसता कागदावर ठेवू नका. गावातल्या पाच-सहा विहिरी निवडा. दोरी आणि टेप घेऊन ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा पाण्याची पातळी मोजा आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदीही मागून घ्या, म्हणजे जुन्या वर्षांशी तुलना करता येईल.

दुसरं काम : कोयत्याचा हिशेब

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तुमचा धंदा या जोडीला गावात थांबवू पाहत असेल, तर फडात त्यांना काय मिळतं हे आधी माहीत हवं. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांवर आला. एक कोयता दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडतो. म्हणजे जोडीचे दिवसाला ७३२ रुपये, आणि १५० दिवस काम मिळालं तर १ लाख ९ हजार ८०० रुपये. बहुतेक ठिकाणी ही रक्कम पावसाळ्यातच उचल म्हणून हातात पडलेली आणि खर्चही झालेली असते.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली रकमेची. गावातल्या धंद्याने एका कुटुंबाला हंगामात लाखाच्या जवळपास पोचवलं पाहिजे, नाहीतर कितीही जिव्हाळा असला तरी ते ट्रकमध्ये बसणारच. दुसरी वेळेची, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. उचल जून ते सप्टेंबरात मिळते. पेरणी, मुलांच्या शाळेचा खर्च, आजारपण आणि लग्नाचं देणं हे सगळं तेव्हाच अंगावर येतं. तुमचा धंदा फेब्रुवारीत पैसे देणार असेल, तर तो उचलीशी स्पर्धा करूच शकत नाही. कुटुंबाचा निर्णय त्याआधी सहा महिने झालेला असतो.

म्हणून धंद्यात पावसाळी मदतीचा निधी पहिल्या दिवसापासून धरा. सभासदाला जून-जुलैमध्ये ठरावीक मर्यादेत बिनव्याजी रक्कम द्या आणि ती त्याच्या तुरीच्या किंवा शेळ्यांच्या पैशातून वळती करा. मजुरीतून मात्र कधीच नाही. आगाऊ पैसे देऊन माणसाला कामाला बांधून घेणं ही वेठबिगारी आहे आणि १९७६ च्या कायद्याने तिला बंदी आहे. मुकादमाची जागा आपणच घ्यायची, हा आपला हेतू नाही.

उदाहरण : तूर, डाळ आणि शेळी

आता महिन्यांचं गणित मांडा. ऊसतोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल चालते. तूर डिसेंबर-जानेवारीत काढणीला येते आणि डाळ करण्याचं काम जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत पुरतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभराही येतो. म्हणजे ज्या महिन्यांत हातांना गावात काम नसतं, नेमक्या त्याच महिन्यांत डाळीच्या धंद्याला हात लागतात. तूरडाळ निवडण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे. तुम्ही दुसरा माल निवडाल तेव्हाही हाच प्रश्न विचारा : या धंद्याचं काम कोणत्या महिन्यांत असतं? जुलैमध्ये काम आणि जानेवारीत रिकामपण असलेला कारखाना या तालुक्यातली टोळी थांबवू शकत नाही.

अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान उद्योगासाठी मिनी डाळ मिल तयार केली आहे. अशा यंत्रावर १०० किलो तुरीतून ७० किलोच्या आसपास डाळ मिळते आणि उरलेल्यात बहुतांश चुणी-भुसा असतो. समजा, गावाने ५०० क्विंटल तूर घेतली आणि २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला ८,००० रुपये मोजले. नुसत्या तुरीचेच ४० लाख रुपये झाले. क्विंटलमागे चुणी-भुशाचे ५०० रुपये सुटले असं धरलं, तर ७० किलो डाळीवर कच्च्या मालाचा खर्च ७,५०० रुपये पडतो. किलोला सुमारे १०७ रुपये. त्यावर वीज, मजुरी, पिशवी, वाहतूक, व्याज आणि तूट. हे सगळं मिळून येणाऱ्या आकड्याच्या खाली ठोक बाजारातला भाव असेल, तर त्या बाजारात विकून तुम्ही बुडाल. माल थेट खाणाऱ्यापर्यंत पोचला तरच हे गणित सुटतं. हा हिशेब दरवर्षी चालू भावाने नव्याने मांडा.

मिल एकटी फार हातांना काम देत नाही. सफाई, प्रतवारी, भरणी आणि विक्री धरून लहान मिलवर आठ-दहा जणांना हंगामभर काम मिळतं. म्हणून जोडीला शेळ्या हव्यात. समजा, घरातल्या एका व्यक्तीला मिलवर ४५० रुपये रोजाने १२० दिवस काम मिळालं, तर ५४,००० रुपये झाले. पाच शेळ्यांपासून वर्षाला सहा करडं ६,००० रुपयांनी विकली, तर ३६,००० रुपये. बेरीज ९०,००० रुपये. शिवाय घरातलं दुसरं माणूस आपल्या रानातल्या ज्वारी-हरभऱ्याकडे पाहतं, मूल एकाच शाळेत वर्ष पूर्ण करतं आणि मुकादमाची बाकी डोक्यावर राहत नाही. हे पारडं फडातल्या एक लाख नऊ हजारांपेक्षा जड आहे, हे त्या घरातली बाई तुम्हाला सगळ्यात आधी सांगेल. नियोजनाच्या पहिल्या बैठकीत म्हणूनच तिचं म्हणणं ऐकून घ्या.

शेळ्या मोकळ्या सोडल्या तर गर्भगिरीच्या उघड्या डोंगरावर उगवणारं रोपटं जगणार नाही. त्यामुळे बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त पालन ही अट ठेवा. तुरीचा भुसा, चुणी, बांधावरची शेवरी, हादगा आणि सुबाभूळ यांवर शेळ्या पोसता येतात. आपल्याच जिल्ह्याची संगमनेरी आणि लागूनच्या मराठवाड्याची उस्मानाबादी या जाती या हवामानाला टिकतात. लेंडीखत पुन्हा तुरीच्या रानात जातं. डाळीचा कचरा शेळीचं खाद्य होतो आणि शेळीचं खत जमिनीचा कस वाढवतं. असा फेर जुळला की बाहेरून विकत आणायच्या वस्तू कमी होतात, आणि दुष्काळी भागात धंदा तगतो तो खर्च आटोक्यात असल्यामुळे.

मालकी : कोणाचं नाव कागदावर

सुरुवात बचत गटापासून करणं उत्तम. हिशेबाची सवय लागते आणि माणसं पारखली जातात. 'उमेद' अभियानात जोडलेले गट आणि त्यांचे ग्रामसंघ बहुतेक गावांत आहेत. उलाढाल वाढली की सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यांतून निवड करावी लागते.

उत्पादक कंपनी दहा उत्पादकांनाही काढता येते. शेअर कितीही असले तरी व्यक्तिगत सभासदाला एकच मत असतं. भांडवलावरचा परतावा मर्यादित असतो आणि वाढावा सभासदाने जितका व्यवहार कंपनीशी केला त्या प्रमाणात वाटता येतो. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कायद्याच्या व्याख्येत शेतीमालात पशुपालनही येतं. त्यामुळे ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही पण चार शेळ्या आहेत, असा ऊसतोड मजूरही उत्पादक ठरतो आणि पूर्ण हक्काचा सभासद होऊ शकतो. साखरेच्या धंद्यात जी जागा रिकामी राहिली, ती इथे पहिल्याच दिवशी भरता येते.

फक्त नाव नोंदवून भागत नाही. शेअरची रक्कम भूमिहीनाला झेपेल एवढी ठेवा आणि ती हप्त्याने भरू द्या. संचालक मंडळात हंगामी स्थलांतर करणाऱ्या घरांतल्या निदान दोन महिला असाव्यात, असा नियम कंपनीच्या नियमावलीतच लिहा. सभा गावातली माणसं गावात असतात तेव्हा, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर या काळात घ्या. डिसेंबरात बोलावलेल्या सभेला येणार कोण?

व्यवस्थापन मात्र जाणकार माणसाकडे सोपवा. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सकडे पाहिलं की हे पटतं. शेतकऱ्यांची मालकी आणि व्यावसायिक शिस्त एकत्र नांदू शकते. दरमहा ठरलेला पगार घेणारा, हिशेब चोख ठेवणारा व्यवस्थापक हा तुमचा पहिला मोठा खर्च असू द्या.

पैसा : यंत्र स्वस्त, माल महाग

अनुदानाच्या जाहिराती यंत्रासाठी असतात, पण लहान डाळ उद्योग बहुधा खेळत्या भांडवलाअभावी बंद पडतो. वरच्या उदाहरणात तुरीलाच ४० लाख लागले. एवढी रक्कम पहिल्या वर्षी उभी करू नका. सुरुवात भरडाईने करा. शेतकरी तूर आणेल, डाळ करून घेईल आणि किलोमागे ठरलेला दर देईल. यात तुमचा पैसा मालात अडकत नाही, यंत्राचा हात बसतो आणि गावाची घरची गरज भागते. दुसऱ्या वर्षी थोडी तूर विकत घ्या, तीही विक्रीची खात्री असेल तेवढीच.

तिथून पुढे पणन मंडळाची शेतमाल तारण योजना उपयोगी पडते. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम वर्षाला ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळू शकते. काढणीच्या गर्दीत पडेल त्या भावाने तूर घालण्यापेक्षा शेतकऱ्याला दम धरता येतो. यंत्रासाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के, व्यक्तिगत उद्योगाला जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे आणि अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटांच्या सदस्यांना प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळतं. योजनांच्या मुदती आणि अटी बदलतात. अर्जाआधी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चालू वर्षाचा आदेश पाहून घ्या. वाणांसाठी राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि शेवगाव तालुक्यातलं दहिगाव-ने इथलं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे.

एक परीक्षा करून पाहा. अनुदानाचा आकडा शून्य धरून ताळेबंद मांडा. तरीही पाच वर्षांत भांडवल फिटत असेल तरच पुढे जा. अनुदान आलं तर ते पाणी आणि राखीव निधीकडे वळवता येईल.

बाजार दाराशी आहे

पाथर्डीला बाजार शोधायला लांब जावं लागत नाही. नवरात्रात मोहटादेवीची यात्रा भरते आणि होळीपासून पाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची, जिथला गाढवांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. या दोन यात्रा ऊसतोडीच्या हंगामाच्या दोन टोकांना येतात. नवरात्रात नुकताच घरात आलेला मूग आणि बाजरी तयार असते. मढीच्या यात्रेला नवी तूरडाळ तयार असते. कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग करंजी, तिसगाव आणि पाथर्डीवरून जातो. एक किलो आणि पाच किलोच्या कापडी पिशव्यांत डाळ, बाजरीचं पीठ, हरभऱ्याचं बेसन ठेवून एखादं नीटनेटकं दुकान चालवलं, तर आठवडी बाजारापेक्षा चांगला भाव मिळतो. बाजरीत लोहाचं प्रमाण जास्त असलेलं 'धनशक्ती' वाण घेतलं, तर ते पिशवीवर सांगण्यासारखं आहे.

यात्रेतच दुसराही धंदा दडला आहे. लाखो पत्रावळ्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि निर्माल्य मागे उरतं. पुण्यात कचरावेचकांनी २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी केली. घरोघरी ठरावीक शुल्क घेऊन कचरा उचलायचा, विकाऊ माल वेगळा काढायचा आणि दोन्हीचं उत्पन्न काम करणाऱ्याला मिळायचं, अशी तिची रीत. देवस्थान, ग्रामपंचायत आणि दुकानदार यांच्याशी आधी लेखी करार करून यात्रेपुरतं असं काम महिला गटाने घेतलं, तर स्टीलच्या ताटांचं भाडं, भंगाराचं उत्पन्न आणि निर्माल्याचं खत असे तीन मार्ग निघतात. नवरात्रातल्या या कमाईचं विशेष मोल आहे, कारण ती टोळी निघण्याच्या तोंडावर घरात येते.

विकताना खरं तेवढंच सांगा. प्रमाणपत्र नसेल तर पिशवीवर 'सेंद्रिय' लिहू नका. अन्नसुरक्षेची नोंदणी, वजन, तारीख आणि गावाचं नाव नीट छापा. 'या गावातली इतकी कुटुंबं यंदा ऊसतोडीला गेली नाहीत' हे वाक्य खरं असेल, तर त्याहून मोठी जाहिरात दुसरी नाही. आणि ते खरं आहे की नाही, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कुणालाही पडताळता आलं पाहिजे.

वाढाव्याची वाटणी आधी लिहा

भांडणं तोट्यात कमी आणि नफ्यात जास्त होतात. म्हणून पहिला रुपया येण्याआधी वाटणी ठरवा. एक मांडणी अशी : शंभर रुपये वाढावा झाला तर ४० रुपये तूर घालणाऱ्यांना, त्यांनी घातलेल्या वजनाप्रमाणे. २५ रुपये काम करणाऱ्यांना, त्यांच्या दिवसांप्रमाणे. २० रुपये राखीव निधीत आणि १५ रुपये पाणी निधीत. कंपनी असेल तर कामाचा वाटा मजुरीवरचा बोनस म्हणून कसा दाखवायचा, हे सनदी लेखापालाकडून आधी समजून घ्या. तुमचे आकडे वेगळे असतील. पण काम करणारा आणि पाणी हे दोन वाटेकरी गाळू नका.

पाणी निधीतून काय करायचं तेही लिहून ठेवा. बांधबंदिस्ती, नाल्यातला गाळ, डोंगरावरचे चर आणि झाडांची राखण एवढ्याच कामांना हात घालायचा. ही रक्कम लहान असली तरी श्रमदान आणि रोजगार हमीच्या कामांना जोड म्हणून ती बरीच पुरते. नव्या बोअरसाठी त्यातला एकही पैसा जाणार नाही, हे ठरावात स्पष्ट असू द्या.

कुठे घसरण्याची भीती

तुरीचा भाव आपल्या हातात नाही. सरकारने आयात खुली ठेवली की आफ्रिकेतून आणि म्यानमारहून तूर येते आणि भाव हमीभावाखालीही जातो. त्यामुळे सगळा भार एका पिकावर टाकू नका. हरभरा, मूग आणि बाजरी यांची प्रक्रिया त्याच जागेत बसेल अशी यंत्रं निवडा. तुरीवर मर आणि वांझ रोग येतात. प्रतिकारक वाण आणि फेरपालट हे सभासदत्वाच्या अटीत घाला.

दुसरी भीती यशाची आहे. हातात पैसा आला की पहिला विचार बोअरचा येतो, आणि बोअरला पाणी लागलं की उसाचा. सौरपंपाचंही तसंच. सूर्याची वीज स्वच्छ आहे, पण दिवसभर फुकट चालणारा पंप विहीर लवकर रिकामी करतो. सौर वीज मिलला जरूर वापरा. शेतातल्या उपशाला मात्र ग्रामसभेच्या पाण्याच्या ताळेबंदाची मर्यादा हवी.

तिसरी भीती घाईची. गावातून पन्नास कोयते जात असतील तर पहिल्या वर्षी पाच थांबवण्याचं लक्ष्य ठेवा. पाच कुटुंबांना वेळेवर पैसे मिळाले आणि त्यांची मुलं मार्चपर्यंत शाळेत दिसली, तर पुढची दहा स्वतःहून विचारायला येतील. पन्नासांना शब्द देऊन तिसांचा मोडला, तर पुढची दहा वर्षं त्या गावात कुणी तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

पहिल्या वर्षाचं वेळापत्रक

एप्रिल-मे : टोळ्या परतल्यावर घरोघर फिरून कोयत्यांची मोजणी करा. कुणाची किती बाकी आहे, थांबायला किती रक्कम लागेल हे विचारा. विहिरींची पहिली मोजणी याच वेळी करा.

जून-जुलै : पंधरा-वीस घरांचा गट बांधा. नियमावली, वाटणी आणि पाण्याचा ठराव लिहा. गटाच्या बचतीतून पहिल्या पाच कुटुंबांना पावसाळी मदत द्या. तुरीचं बियाणं एकत्र खरेदी करा.

ऑगस्ट-सप्टेंबर : मूग आणि बाजरी घेऊन सफाई आणि भरणीचा सराव करा. अन्न नोंदणी आणि पिशव्या तयार ठेवा.

ऑक्टोबर : नवरात्रात पहिलं दुकान लावा. पाऊस संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडा. दसऱ्यानंतर गावात थांबलेल्या कुटुंबांची संख्या फळ्यावर लिहा.

नोव्हेंबर-डिसेंबर : यंत्र बसवा, शेळ्यांचे गोठे पूर्ण करा, भरडाईचे दर जाहीर करा.

जानेवारी ते मार्च : भरडाई चालवा. दर आठवड्याला मजुरी द्या, एकही आठवडा चुकवू नका. मढीच्या यात्रेत सभासदांची डाळ विका.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा दोरी आणि टेप घेऊन त्याच विहिरींवर जा. जमाखर्च, पाण्याची पातळी आणि थांबलेली कुटुंबं असे तीन आकडे शेजारी शेजारी मांडून सर्वांसमोर वाचा. तिन्ही बरे असतील तर धंदा दुप्पट करायला घाबरू नका. एखादा जरी घसरला असेल, तर आधी तेवढाच दुरुस्त करा आणि मग विस्ताराचा विचार करा. यंदाच्या उचली वाटल्या जाण्याआधी तुमच्या गावातली ती पहिली पाच घरं कोणती, त्यांची नावं आज कागदावर लिहायला घ्या.